ट्रकवर पाटी असते, गोडाऊनवर का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात सोलापूरच्या पानावर अग्निशमन सप्ताहाचा फोटो आला होता. लाल गाडी, समोर शाळेची पोरं रांगेत, आणि एक जवान पेटलेला सिलिंडर ओल्या गोणपाटानं विझवून दाखवतोय. फोटो चांगलाय, दरवर्षी तसाच येतो, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. खाली लिहिलं होतं की १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. पण १४ तारीखच का, हे काय लिहिलं नव्हतं. आपल्या सोलापुरात १४ एप्रिल म्हटलं की बाबासाहेबांची जयंती, निळे झेंडे, मिरवणुका, दुसरं काही डोक्यात येत नाही आणि ते बरोबरच आहे. पण त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाजाची आग विझवायला गेलेले ६६ फायरवाले गेले, म्हणून हा सप्ताह. हे एका ओळीत छापलं असतं तर त्या पोरांनाही कळलं असतं की आपण टाळ्या कशासाठी वाजवतोय.

फोर्ट स्टिकिन नावाचं ते जहाज. पोटात साधारण १४०० टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, तेलाची पिंपं, वर सोन्याच्या विटा. दारूगोळ्याशेजारी कापूस कुणी ठेवला असेल बघा. कापसाची गाठ पेटली की वरून कितीही पाणी मारा, ती आतनं धुमसत राहते, हे आपल्याकडं गिरणीत डबा घेऊन जाणाऱ्या पोराला पण माहीत होतं. दुपारी धूर दिसला, पाणी मारणं सुरू झालं, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासात दुसरा. दारूगोळा असलेल्या जहाजानं लाल झेंडा लावायची पद्धत होती, पण युद्ध चालू म्हणून तो लावलेला नव्हता असं म्हणतात. मेलेल्यांचा आकडा कोण ८०० सांगतं कोण १३००. सोन्याच्या विटा मात्र पुढं कितीतरी वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या आणि बहुतेक परत मिळाल्या. विटांचा हिशोब लागला, माणसांचा अजून अंदाजेच आहे.

तर तो लाल झेंडा माझ्या डोक्यातनं जाईना म्हणून हे पत्र. मी काय मोठा माणूस नाही, इंजिनियर पण नाही. मार्केट यार्डाच्या बाजूला एका हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूकदाराच्या पेढीवर एकतीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे ट्रकनं जाणाऱ्या मालाच्या पावत्या लिहिल्या, आता रिटायर होऊन घरी बसलोय, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि बायको म्हणते त्याप्रमाणं ज्याच्यात आपल्याला कुणी विचारलेलं नाही त्याच्यावर बोलतो. पण या एका विषयात मला बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं कारण कोणत्या नगात काय माल आहे हे कागदावर लिहायचं काम माझं होतं, आणि ते मी कितीतरी वेळा खोटं लिहिलंय.

आधी दुसऱ्याचं सांगतो मग माझं.

चीनमध्ये तिआनजिन म्हणून मोठं बंदर आहे. तिथं १२ ऑगस्ट २०१५ ला जे झालं ते जहाजात नाही, गोडाऊनमध्ये झालं, म्हणून ते आपल्या जास्त जवळचं. रुईहाई नावाच्या कंपनीचं धोक्याच्या केमिकलचं गोडाऊन आणि कंटेनरचं आवार. रात्री अकराच्या आत कंटेनर पेटल्याची वर्दी गेली. बंदराचे स्वतःचे फायरवाले आले, मागनं शहराचे आले. साडेअकराच्या सुमाराला एक स्फोट झाला आणि तीस सेकंदात दुसरा, तो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. १७३ माणसं गेली, त्यातले १०४ आग विझवायला आलेले. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त माणसं अशी की जी तिथं राहत नव्हती, कामाला नव्हती, दुसऱ्याची आग विझवायला म्हणून आली आणि परत गेली नाहीत. शेजारच्या यार्डात नव्या कोऱ्या गाड्या हजारोंनी उभ्या होत्या, त्यांचे नुसते सांगाडे उरले, ते फोटो तेव्हा आपल्याकडं पण सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले होते. गाड्यांचे फोटो लई फिरले, माणसांचे कमी.

चौकशीत कारण काय निघालं तर नायट्रोसेल्युलोज. नेलपॉलिश, लाकडाचं पॉलिश असल्या गोष्टीत लागतं ते. ते ओलसर ठेवावं लागतं, वाळलं की आपोआप तापत जातं आणि पेट घेतं. ऑगस्टच्या उन्हात कंटेनर तापला, आतली ओल उडून गेली, पेटलं. कुणी बिडी टाकली नाही का शॉर्ट सर्किट झालं नाही. आपल्याकडं काही पेटलं की दुसऱ्या दिवशी पेपरात शॉर्ट सर्किट ठरलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या आगीच्या पलीकडं अमोनियम नायट्रेट होतं, खतात आणि स्फोटकात लागतं ते, साधारण ८०० टन, आणि सोडियम सायनाइड हे जहाल विष शेकडो टन. राहती बिल्डिंग सहाशे मीटरच्या आसपास होती, नियम हजार मीटरचा होता. कंपनीनं मधले काही महिने लायसन नसताना धंदा केला होता, आणि मालकांपैकी एक बंदराच्या माजी पोलीस प्रमुखाचा पोरगा निघाला, शेअर मात्र दुसऱ्याच्या नावावर. नोव्हेंबर २०१६ मध्ये ४९ जणांना शिक्षा झाल्या, त्यात सरकारी साहेब लोक पण होते. वाचताना मला सारखं वाटत होतं की गाव बदललं, भाषा बदलली, बाकी सगळं ओळखीचंच आहे की.

पण माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. स्फोटानंतर तिथं काय काय किती होतं हे लवकर कळेचना. कंपनीचं ऑफिस उडालं, कागद गेले, आणि कंपनीचा आकडा वेगळा नि कस्टमचा आकडा वेगळा. आणि जी पोरं पाइप घेऊन आत घुसली, त्यातली बरीच कंत्राटी, वीस-बावीसच्या वयाची, त्यांना आत नेमकं काय आहे ते कुणी धड सांगितलेलं नव्हतं.

आता माझं.

सोलापूरला टॉवेल-चादरीचा धंदा म्हटलं की लोकांना माग दिसतो, सूत दिसतं. पण सूत पांढरं कशानं होतं आणि रंग बसतो कशानं, हे बाहेरच्याला माहीत नसतं. पांढरं करायला पेरॉक्साइड लागतं, निळ्या कॅनमध्ये येतं, त्याच्या झाकणाला बारीक भोक असतं कारण आत सारखा वायू तयार होतो आणि तो बाहेर जायला पाहिजे. रंगवायला कॉस्टिक आणि हायड्रो लागतं. हायड्रो म्हणजे पांढरी पावडर, लोखंडी ड्रममध्ये येते, वास नाकात जातो. ही सगळी कामाची औषधं आहेत, यांच्याशिवाय टॉवेल होत नाही, मी त्यांच्या विरोधात नाही. पण पेरॉक्साइडचा कॅन कापसाच्या वेस्टवर सांडला तर काय होतं आणि हायड्रोला थोडंसं पाणी लागलं तर काय होतं हे माहीत असलेलं बरं.

आमच्या पेढीवर हा माल यायचा आणि बिल्टीवर काय लिहायचं? कधी "रंग", कधी "सुटा माल", कधी नुसतं "ड्रम नग १२". कारण साधं होतं. केमिकल लिहिलं की ट्रकवाला भाडं जास्त मागायचा, हमाल वाराई, म्हणजे माल चढवायची-उतरवायची मजुरी, जास्त मागायचे आणि जकातीच्या काळात नाक्यावर दर वेगळा पडायचा. व्यापारी फोनवर सांगायचा, अण्णा, रंग लिहा. मी रंग लिहायचो. मालकाला माहीत होतं, व्यापाऱ्याला माहीत होतं, मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त उचलणाऱ्याला. कुणाचं नाव घेत नाही, कारण नाव घ्यायला सुरुवात केली तर पहिलं माझंच घ्यावं लागंल.

एका पावसाळ्यात, नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल, पत्रा गळत होता आणि गोडाऊनच्या कोपऱ्यात वाकड्या झाकणाचा एक हायड्रोचा ड्रम होता. रात्रभर ठिबकून ठिबकून पाणी आत गेलं. सकाळी शटर उघडलं तर ड्रममधून पांढरा धूर, गंधकाचा असा वास की डोळे उघडेनात. एक हमाल पोरगा धावत बाहेर गेला आणि बादली भरून आणली, कुणी पण तेच केलं असतं, आग म्हणजे पाणी हे आपण आईच्या मांडीवर शिकतो. तेवढ्यात समोरच्या डाईंगमधला म्हातारा रंगारी मास्तर, पद्मशाली माणूस, मराठी त्याला चांगलं यायचं पण घाबरला की तेलुगूवर यायचा, तो ओरडत आला, नीळ्ळु वद्दु, नीळ्ळु वद्दु! पाणी नको. बादलीभर पाण्यानं ते अजून भडकतं. त्या पोराच्या हातातली बादली त्यानं लाथेनं पाडली. मग दोघांनी आकडा लावून ड्रम बाहेर मोकळ्यात ओढला, बांधकामाची कोरडी वाळू पडलेली होती ती टाकली. ड्रमच्या मागं दोन हातांवर सुताचे गठ्ठे होते, छतापर्यंत.

बिल्टीवर त्या ड्रमपुढं काय लिहिलं होतं? "रंग." माझ्या अक्षरात.

पोराला काही झालं नाही. मालकानं मास्तरला चहा पाजला आणि विषय संपला, पत्रा पण पुढच्या वर्षी दुरुस्त केला. मी मात्र त्या दिवसापासून पेन्सिलनं बिल्टीच्या मागं खरं नाव लिहायला लागलो. मागं. पुढं लिहायची हिंमत नव्हती.

आता ४ जून २०२२ ला बांगलादेशात चट्टोग्रामजवळ सीताकुंडला कंटेनर डेपोत आग लागली. बंदराचा माल ठेवायचा डेपो, बरेच कंटेनर कपड्यांचे, आणि त्यात पेरॉक्साइडचे कंटेनर. आपल्याच धंद्याचा माल, आपलंच निळं कॅन. फायरवाले नेहमीच्या आगीसारखे पाणी घेऊन गेले, आत पेरॉक्साइड आहे हे आपल्याला सांगितलंच नव्हतं असं त्यांच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. लोक लांब उभं राहून मोबाईलवर लाइव्ह करत होते, एक पोरगा लाइव्ह करता करताच गेला. पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि त्यात फायरवाले पुन्हा आहेतच. मी ही बातमी वाचली तेव्हा मला तो म्हातारा मास्तर आठवला, तो वारला २००० च्या आधीच. आता असा ओरडणारा माणूस प्रत्येक गोडाऊनसमोर उभा असतोय का?

बैरुतचं सगळ्यांना पाठ आहे, २७५० टन अमोनियम नायट्रेट बंदराच्या १२ नंबरच्या गोदामात सहा वर्षं पडून आणि ४ ऑगस्ट २०२० ला सगळं शहर हादरलं, ते परत सांगत नाही. आपल्याकडची एक गोष्ट मात्र लोक विसरले. त्याच आठवड्यात कळलं की चेन्नईजवळ मनालीला कस्टमनं जप्त केलेलं ६९७ टन अमोनियम नायट्रेट २०१५ पासून ३७ कंटेनरमध्ये पडून आहे. घाईघाईनं लिलाव करून हैदराबादला हलवलं. म्हणजे बैरुतला माणसं मेली नसती तर ते अजून किती वर्षं तिथंच राहिलं असतं कुणास ठाऊक. नियम नव्हते असं नाही, अमोनियम नायट्रेटचे २०१२ चे वेगळे नियम आहेत आणि स्फोटकांचं केंद्र सरकारचं मुख्य ऑफिस तर आपल्याच राज्यात, नागपुरात आहे.

तुम्ही म्हणाल सोलापूरला कुठं बंदर आहे. नाही की. समुद्र बघायला आम्ही रत्नागिरी-गोव्याला जातो. पण बंदरात उतरलेला माल काय समुद्रातच राहत नाही, तो ट्रकवर चढून हायवेनं आपल्यापर्यंत येतो. आणि इथंच मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते ऐका. पाकणीच्या डेपोतून निघणारा पेट्रोलचा टँकर बघा, मागं-बाजूला पाटी असते, तिच्यावर १२०३ आकडा असतो, तो जगभर पेट्रोलचा नंबर आहे. तसा पेरॉक्साइडचा २०१४, हायड्रोचा १३८४. खाली फोन नंबर, काय करायचं त्याचा कोड. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यात हे सक्तीचं आहे, ड्रायव्हरकडं कार्ड पण पाहिजे की सांडलं तर काय करायचं, पेटलं तर काय करायचं. आता सगळे पाळतात असं नाही, पण निदान नियम आहे. तोच माल ट्रकमधनं उतरून गोडाऊनमध्ये गेला, शटर खाली आलं, की पाटी संपली. चालत्या मालाला नाव आहे आणि बसलेल्या मालाला नाही. ट्रक आपल्या दारात दहा मिनिटं असतो, गोडाऊनमधला ड्रम सहा महिने.

मोठ्या कारखान्यांना १९८९ चेच केमिकल साठवणुकीचे नियम आहेत, पण ते ठराविक वजनाच्या वरच लागू होतात. आपल्याकडं वीस कॅनवाला इथं, पंधरा ड्रमवाला तिथं, अशोक चौकाच्या मागं, अक्कलकोट रोडला, वर राहतं घर आणि खाली माल. प्रत्येकजण वेगवेगळा बघितला तर लहान, सगळे मिळून बघितले तर कुणी मोजलंय का? आणि आपला उन्हाळा बघा की. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला किती असंल? तिआनजिनच्या उन्हापेक्षा कमी नसणार.

१८ मे २०२५ ची पहाट सोलापूर विसरलेलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्या आगीचा केमिकलशी संबंध होता असं मी म्हणत नाही, ते कारण सांगायचं माझं काम नाही आणि त्या घराच्या दुःखावर मला काही मांडायचं नाही. पण त्या दिवशी बातम्या बघताना मला फक्त जवान दिसत होते, धुरात तासन् तास, आणि मनात येत होतं की आत कुठल्या खोलीत काय ठेवलंय हे यांना सांगायला कुणी आहे का. त्याच्या आधी १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात फटाक्याच्या कारखान्यात स्फोट झाला, कामावरच्या बायका गेल्या, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. तिथं निदान बाहेरून कळत होतं की आत दारू आहे.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. नवीन गाडी नको, परदेशी मशीन नको, पाणी पण मागत नाही, पाण्याची कायम टंचाई बघितलेल्या गावात पाणी मागणं म्हणजे चेष्टाच. गोडाऊनच्या बाहेर एक पाटी पाहिजे. आत काय आहे, साधारण किती आहे, त्याच्यावर पाणी चालतं का नाही, आणि रात्री तीनला उचलेल असा एक फोन नंबर. मराठीत, तेलुगूत, जमलं तर कन्नडमध्ये. आणि तीच यादी महापालिकेच्या अग्निशमनच्या कंट्रोल रूमला पेठेप्रमाणं लावलेली, म्हणजे गाडी निघायच्या आधी जवानाला कळंल की आपण सुताकडं चाललोय का हायड्रोकडं. घरपट्टीचं बिल वाटायला माणूस दारोदार जातोच, त्याच्याच हातात हा एक कागद द्या.

व्यापारी मित्र काय म्हणणार ते मला तोंडपाठ आहे. पाटी लावली की चोर येतील. अहो हायड्रो चोरून कोण काय करणार, वास घेऊनच पळून जाईल. खरी भीती चोराची नाही, इन्स्पेक्टरची आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असं पण मी म्हणणार नाही, एकतीस वर्षं पेढीवर बसून मी पण पाकिटं जाताना बघितलीत. म्हणून पहिल्या वर्षी पाटी लावणाऱ्याला दंड नाही असं जाहीर करा की, जो खरं लिहील त्यालाच नोटीस गेली तर उद्यापासून सगळ्यांच्या दारात "रंग" लिहिलेलं दिसंल.

मी स्वतःपासून सुरुवात केली आहे. माझ्या भाच्याचं एमआयडीसीत लहान डाईंग आहे, शेड भाड्याचं. गेल्या रविवारी त्याला मागं लागून पाटी रंगवून घेतली, पिवळ्यावर काळं, पेरॉक्साइड, कॉस्टिक, हायड्रो, आणि हायड्रोपुढं लाल अक्षरात "थोडं पाणी मारू नका, मारायचं तर भरपूर", तेच खाली तेलुगूत. पेंटरनं विचारलं काका हे काय देवाचं नाव आहे का. भाच्याला पण आवडली पाटी. सोमवारी शेडमालक आला, बघितली, म्हणाला शेजारचे भाडेकरू घाबरतील, विम्यावाला हप्ता वाढवील, माझ्या जागेचं नाव खराब होतंय, काढा. बरीच बोलाचाली झाली, भाचा मध्ये पडला, त्याला शेड सोडायचं नाही. शेवटी तोडगा असा निघाला की पाटी काढायची नाही पण बाहेर पण लावायची नाही. ती आता शटरच्या आतल्या बाजूला लावली आहे.

आपला,
एक रिटायर बिल्टी क्लार्क, सोलापूर